फौजेचे कर्ज, रयतेचा सारा : नळदुर्ग जिल्ह्याच्या तारणाचा इतिहास (इ.स. १८५३ ते १८६०)

गोषवारा

निजाम सरकारने पोसलेल्या, परंतु इंग्रज रेसिडेंटाच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा पगार थकला आणि त्या थकबाकीपोटी इ.स. १८५३ मध्ये वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव-नळदुर्ग हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. यांपैकी नळदुर्गचा मुलूख १८६० च्या तहाने परत मिळाला. प्रस्तुत निबंधात या लष्करी कर्जाचे मूळ, ते फेडण्यासाठी वेळोवेळी मिळालेल्या 'मदती'चे स्वरूप आणि त्याचा शेतसारा देणाऱ्या रयतेशी असलेला संबंध यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : हैदराबाद कंटिंजंट, नळदुर्ग, शेतसारा, इजारा पद्धती, सालारजंग, मेडोज टेलर.

प्रस्तावना

मुरुम हे गाव उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले आहे. त्याच्या पश्चिमेस बोरी नदीच्या वळणावर नळदुर्गचा भुईकोट उभा आहे. या किल्ल्यातील पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे पाणी पाहण्यास आजही दूरदूरचे लोक येतात. परंतु हा किल्ला विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत एका जिल्ह्याचे मुख्य ठाणे होता, हे फारच थोड्यांच्या ध्यानात असते. आजचा धाराशिव जिल्हा, जो २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखला जात होता, त्याचे आधीचे नाव नळदुर्ग जिल्हा असेच होते. आणि हा जिल्हा एके काळी तारण म्हणून सावकाराच्या स्वाधीन केलेल्या शेतासारखा परक्या सत्तेच्या ताब्यात होता, ही गोष्ट तर त्याहूनही कमी लोकांना ठाऊक आहे.

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात १९४८ च्या मुक्तिसंग्रामाला साहजिकच मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. त्याच्या आधीच्या शतकातील आर्थिक इतिहास मात्र उपेक्षित राहिला. वऱ्हाडच्या प्रश्नावर विपुल लेखन झाले. कारण तो मुलूख निजामाला कधीच परत मिळाला नाही. त्याच तहात गेलेला आणि सात वर्षांनी परत आलेला नळदुर्गचा मुलूख तळटीपेपुरताच उरला. वास्तविक एखादे राज्य लष्कराच्या खर्चाने कर्जबाजारी कसे होते, त्याला मदत कोण करतो, त्या मदतीची किंमत काय असते आणि शेवटी कर्ज कसे फिटते, या सर्व प्रश्नांची उत्तरे आपल्या परिसराच्या या लहानशा प्रकरणात एकत्र सापडतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) हैदराबाद कंटिंजंटच्या पगाराच्या थकबाकीचे मूळ शोधणे.
२) कर्जनिवारणासाठी झालेल्या उपायांची चिकित्सा करणे.
३) नळदुर्ग जिल्ह्यातील १८५३ ते १८६० या कालखंडातील महसूल व्यवस्थेचे मूल्यमापन करणे.
४) या प्रकरणातून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढे उभे राहणारे प्रश्न मांडणे.

सदर निबंध वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने लिहिला असून त्यासाठी तहांची कलमे, प्रशासकीय पत्रव्यवहार व समकालीन आत्मचरित्र यांतून ज्ञात असलेल्या माहितीचा आधार घेतला आहे.

कर्जाचे मूळ : एका राज्यावर दोन फौजांचा भार

हैदराबादच्या कर्जाचा विचार करताना प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. निजामाच्या राज्यात इंग्रजी अंमलाखालच्या दोन स्वतंत्र फौजा होत्या. पहिली तैनाती फौज. तिचे मुख्य ठाणे सिकंदराबाद. इ.स. १८०० च्या तहाने या फौजेच्या खर्चासाठी निजामाने बल्लारी, कडप्पा इत्यादी मुलूख कंपनीस कायमचा तोडून दिला. म्हणजे तिचा खर्च जमिनीच्या रूपाने आगाऊच चुकता झाला होता. याच तहाच्या बाराव्या कलमात असे ठरले होते की, युद्धप्रसंग उद्भवल्यास निजामाने आपले सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावे.

दुसरी फौज या कलमाच्या आडोशाने वाढली. हेन्री रसेल हा १८११ ते १८२० या काळात हैदराबादेत रेसिडेंट होता. निजामाचे सैन्य बेशिस्त आहे, सबब त्यातील काही पलटणींना इंग्रज अधिकाऱ्यांकडून कवायत शिकवावी, या विचारातून 'रसेल ब्रिगेड' उभी राहिली. तिचेच पुढे हैदराबाद कंटिंजंट झाले. बोलारम, हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर, लिंगसुगूर अशा ठिकाणी तिच्या छावण्या पडल्या. मराठवाड्यातील काही गावांना लष्करी वस्तीचे जे वळण लागले, ते या फौजेमुळे. १८१७-१८ च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धात ही फौज वापरली गेली. परंतु युद्ध संपल्यावर ती मोडली गेली नाही. तिचा वार्षिक खर्च चाळीस लाखांच्या घरात गेला. हुकूम रेसिडेंटाचा, अधिकारी इंग्रज, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. बाराव्या कलमाने निजामावर जबाबदारी टाकली होती ती युद्धकाळापुरती. शांततेच्या काळात ही फौज बाळगण्यास तो करारान्वये बांधला गेला होता काय? पुढे खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने १८५३ च्या आपल्या टिपणात, १८०० च्या तहाच्या आधारे निजामाला तसे बांधता येत नाही, अशी कबुली दिली. ही फौज गरजेपेक्षा खर्चिक आहे आणि तिच्यावरील अधिकाऱ्यांचा भार अवाजवी आहे, हेही त्याला मान्य होते. तरीही साचलेल्या रकमेची वसुली त्याने सोडली नाही. दिवाण चंदुलाल व तत्कालीन निजाम यांनी वर्षानुवर्षे हरकत न घेता फौज चालू ठेवली, ही संमतीच होय, असा कंपनीचा युक्तिवाद होता. ज्या राज्याची गादी व दिवाणगिरी रेसिडेंटाच्या मर्जीवर अवलंबून होती, त्या राज्याच्या मौनाला संमती मानावे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

मदतीला धावलेले सावकार

महसूल अपुरा आणि पगार दरमहा देणे भाग. या पेचातून सुटण्यासाठी चंदुलालने सावकारांचा आश्रय घेतला. त्यांतील सर्वांत गाजलेली पेढी विल्यम पामर आणि कंपनीची. १८१६ मध्ये या पेढीला निजाम सरकारशी देवघेव करण्याची परवानगी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने दिली. पेढीचा एक भागीदार विल्यम रंबोल्ड याचा विवाह हेस्टिंग्जच्या आश्रयाखालील मुलीशी झालेला होता, ही बाब पुढे बरीच चर्चिली गेली. कंटिंजंटचा पगार वेळेवर व्हावा म्हणून पेढी रकमा पुरवी आणि त्याबदल्यात निजामाच्या मुलखाचा वसूल परस्पर तिच्याकडे वळे.

१८२० मध्ये या पेढीने साठ लाख रुपयांचे नवे कर्ज दिल्याचे दाखविले. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने हिशेब तपासले. साठ लाखांपैकी आठ लाख ही पेढीची 'बक्षिसी' होती. म्हणजे कर्जदाराच्या हाती न पडलेल्या रकमेवरही व्याज चढत होते. मेटकाफने हे प्रकरण धसास लावले. अखेर पेढीचे देणे चुकते करण्यासाठी कंपनीने पुढे केलेला हात पाहण्याजोगा आहे. उत्तर सरकारच्या मुलखाबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाख रुपये पेशकश देत असे. ही पेशकश कायमची बंद करण्याच्या बदल्यात कंपनीने १८२३ मध्ये १ कोटी १६ लाख ६६ हजार ६६६ रुपये निजामाच्या वतीने देण्याचे मान्य केले. दरसाल सात लाखांचे उत्पन्न शेकडा सहा दराने भांडवलात रूपांतरित केले असता नेमकी हीच रक्कम येते. म्हणजे कर्ज फेडण्यासाठी निजामाने आपले एक कायमचे उत्पन्न विकले. कर्ज गेले, परंतु ज्या खर्चामुळे ते झाले होते, तो खर्च तसाच राहिला. त्यामुळे नवे कर्ज होणे अटळ होते.

पामरची पेढी १८२४ मध्ये बुडाली. तिची जागा गुजराती, मारवाडी, अरब, रोहिले आणि पारशी सावकारांनी घेतली. वऱ्हाडातील मोठा मुलूख पेस्तनजी विकाजी यांच्या पेढीकडे गहाण पडला होता. पुढे निजाम सरकारने तो त्यांच्या ताब्यातून काढून घेतला आणि पेढीचे दावे बराच काळ लोंबकळत राहिले. अरब जमादारांची रीत निराळी होती. ते स्वतःच फौज बाळगीत, स्वतःच कर्ज देत आणि वसुलीसाठी तालुका ताब्यात ठेवीत. सैनिक, सावकार आणि महसूल अधिकारी या तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या ठायी एकवटल्यावर रयतेला दाद मागण्यास जागा उरत नसे.

इजारा : थकबाकी खालच्या पायरीवर कशी उतरली

राज्याचे कर्ज कागदावर दिवाणाच्या नावे असले तरी त्याचा भार शेवटी काळ्या जमिनीवर येतो. चंदुलालच्या काळातील मुख्य पद्धत इजाऱ्याची होती. एखाद्या तालुक्याचा वसूल जो सर्वाधिक रक्कम देऊ करील, त्या तालुकदाराला सोपवायचा. त्याच्याकडून नजराणा व आगाऊ रक्कम घ्यायची. आणि त्याहून चढी बोली आली की पहिल्याला काढून दुसऱ्याला नेमायचे. आपली नेमणूक किती दिवस टिकेल याची शाश्वती नसल्याने तालुकदार पहिल्याच हंगामात जमेल तेवढे ओढून घेई. पाटील-कुलकर्णी व देशमुख-देशपांडे हे वतनदार गावाच्या बाजूने काही प्रमाणात ढाल होत, तर काही प्रमाणात या ओढाताणीचे भागीदारही होत.

मेटकाफने यावर एक उपाय केला होता. त्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गावोगावचे सारे काही वर्षांच्या मुदतीसाठी कौलाने बांधून दिले. यामुळे शेतकऱ्याला निदान आपण किती देणे लागतो ते कळू लागले. परंतु १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आला. आपल्या राज्यातील हा हस्तक्षेप थांबवावा, ही त्याची मागणी मान्य झाली आणि देखरेख संपून इजारा पुन्हा पूर्वपदावर आला. राज्याच्या सार्वभौमत्वाच्या दृष्टीने निजामाची मागणी रास्तच होती. मात्र कंटिंजंट ही त्याहून मोठी ढवळाढवळ असूनही ती तशीच राहिली. कंपनीने रयतेच्या बाजूची देखरेख सोडली, फौजेवरील हुकमत सोडली नाही, हा विरोधाभास नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्याशी तुलना केल्यास हे चित्र अधिक स्पष्ट होते. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापूरपासून पाहणी-मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला क्रमांक, जमिनीच्या प्रतीप्रमाणे आकार आणि तीस वर्षांपर्यंत तो न वाढविण्याची हमी, असे त्या पद्धतीचे सूत्र होते. तिच्यातही दोष होते. दुष्काळी वर्षी रोख सारा भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारी जाई आणि १८७५ चे दख्खनचे दंगे त्यातूनच उद्भवले. तथापि सरहद्दीच्या अलीकडे बांधलेला आकार आणि पलीकडे दरसाल बदलणारी मागणी, असा भेद नळदुर्ग-तुळजापूरच्या रयतेसमोर होता.

एकविसावा मे १८५३ : तहाची कलमे

१८४३ मध्ये चंदुलालने दिवाणगिरी सोडली. त्यानंतरच्या दहा वर्षांत दिवाण बदलत राहिले. कर्ज मात्र वाढत राहिले. कंटिंजंटचा पगार रेसिडेंट आपल्या खजिन्यातून भागवी आणि ती रक्कम व्याजासह निजामाच्या नावे मांडी. १८५१ मध्ये डलहौसीने कठोर भाषेत पत्र पाठवून रकमेची किंवा मुलखाची मागणी केली. निजामाने त्या वर्षी मोठा हप्ता भरला. उरलेल्या रकमेत पुन्हा नवी थकबाकी मिसळत गेली आणि १८५३ च्या आरंभी आकडा चाळीस लाखांच्या पुढे होता.

कर्नल जॉन लो हा मार्च १८५३ मध्ये नवा रेसिडेंट म्हणून आला, तो तहाचा मसुदा घेऊनच. मुलूख देणे आणि आपली फौज मोडणे या दोन्ही गोष्टी राजाला कमीपणा आणणाऱ्या आहेत, असे निजामाने त्याला सांगितल्याची नोंद आहे. वाटाघाटी लांबल्या, दडपण वाढले आणि २१ मे १८५३ रोजी तह झाला. त्याची मुख्य कलमे अशी :

१) कंपनीने किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ व चार तोफखाने असलेली कंटिंजंट स्वतःच्या अंमलाखाली ठेवावी.
२) तिच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गकडील मुलूख, मिळून सुमारे पन्नास लाख रुपये उत्पन्नाचा, कंपनीच्या ताब्यात द्यावा.
३) या उत्पन्नातून फौजेचा पगार, आप्पा देसाई यांची चौथ, महिपतरामाच्या कुटुंबाची व काही मराठा घराण्यांची नेमणूक आणि कर्जावरील शेकडा सहा दराचे व्याज द्यावे.
४) शिल्लक निजामास द्यावी व दरसाल खरा हिशेब सादर करावा.

तहाने मालकी निजामाकडेच राहिली. ताबा व वसूल तेवढा कंपनीकडे गेला. गावाकडील भाषेत सांगायचे तर हे 'ताबे गहाण' होते. जमिनीचे उत्पन्न घेणारा व हिशेब ठेवणारा एकच असेल तर गहाण कधी सुटावे, हे ठरविणाराही तोच असतो, हा अनुभव आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. नव्या तहात फौजेचे संख्याबळ निश्चित होऊन खर्चात मोठी कपात झाली. कंपनीच्या स्वतःच्या हिशेबी पैसे जाऊ लागताच काटकसर शक्य झाली. ती आधीची तीस वर्षे का शक्य नव्हती, याचे उत्तर कोणी दिले नाही.

नळदुर्गातील सात वर्षे

नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार कॅप्टन फिलिप मेडोज टेलर याच्याकडे सोपविण्यात आला. इ.स. १८०८ मध्ये लिव्हरपूल येथे जन्मलेला हा गृहस्थ लहान वयातच हिंदुस्थानात येऊन निजामाच्या फौजेत अधिकारी झाला. ठगांच्या जीवनावरील त्याची कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध होऊन विलायतेत गाजली होती. १८४१ पासून तो सुरपूर संस्थानचा कारभार पाहत होता. म्हणजे ज्या फौजेच्या पगारापोटी हा जिल्हा गहाण पडला, तिचाच एक अधिकारी या जिल्ह्याचा वसूल करण्यास आला.

टेलरने जिल्ह्यात पाहणी-मोजणीचे काम हाती घेतले, स्थानिक माणसांना त्यासाठी तयार केले, रस्त्यांकडे व तलावांकडे लक्ष पुरविले, न्यायदानाची घडी बसविली. येथील भाषा, चालीरीती व लोककथा यांविषयी त्याला खरी आस्था होती. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'तारा' या कादंबरीत तुळजापूर व त्याचा परिसर येतो, तो या वास्तव्याचाच परिणाम होय. १८५७ मध्ये उठाव सुरू झाल्यावर त्याची बदली वऱ्हाडात झाली.

टेलरच्या कामाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते बव्हंशी त्याच्या स्वतःच्या आत्मचरित्रातून. निवृत्तीनंतर लिहिलेले हे पुस्तक त्याच्या निधनानंतर, १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रकाशित झाले. आपण गेलो तेव्हा रयत हळहळली, असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याचे आत्मकथन हा इतिहासाचा पुरावा खराच, परंतु तो एका पक्षाचा पुरावा होय. त्याच्या आधारे या सात वर्षांना सुवर्णकाळ ठरविणे घाईचे होईल. उलट, परकी सत्ता म्हणून त्या कामाला शून्य लेखणेही योग्य नाही. मोजणीमुळे प्रत्येकाचे देणे निश्चित होणे, इजारदाराची साखळी तुटणे आणि मधल्या काळात अरब-रोहिल्यांच्या वसुलीपासून सुटका होणे, हा रयतेला झालेला प्रत्यक्ष लाभ होता, असे मानण्यास जागा आहे.

मात्र एक प्रश्न शिल्लक राहतोच. हा निश्चित झालेला सारा कोठे खर्च झाला? तहाप्रमाणे त्याचा पहिला धनी होती फौज. शेतकऱ्याने भरलेल्या रुपयातून जिल्ह्याचा कारभार चालवून जे उरेल, ते कंटिंजंटच्या छावण्यांकडे व व्याजाकडे जाई. वसूल करण्याची रीत सुधारली, वसुलाचा हेतू बदलला नाही. या भेदाकडे दुर्लक्ष केल्यास इतिहासाचे आकलन अपुरे राहते.

हैदराबादेतील उपाय : सालारजंग

तहानंतर काही दिवसांतच दिवाण सिराजुल्मुल्क मरण पावला आणि मे १८५३ च्या अखेरीस त्याचा पुतण्या, अवघा चोवीस वर्षांचा मीर तुराब अली खान म्हणजेच पहिला सालारजंग, दिवाण झाला. खजिना रिकामा, तालुके सावकारांकडे गहाण, सैनिकांचे पगार थकलेले, अशा अवस्थेत त्याने कर्जनिवारणाचा निराळा मार्ग धरला. नवे कर्ज काढून जुने फेडण्याऐवजी त्याने मिळकतीची गळती थांबविली. अरब जमादारांचे व इतर सावकारांचे दावे तपासून, हप्ते ठरवून गहाण तालुके क्रमाक्रमाने सोडविले. इजारा मोडून पगारी तालुकदार नेमले. जमाखर्चाची शिस्त लावली. १८६५ मध्ये जिल्हाबंदी होऊन राज्याची विभागणी जिल्ह्यांत झाली आणि परत आलेला नळदुर्ग त्यांतील एक जिल्हा झाला. पुढे राज्यात स्वतंत्र मोजणी खाते निघाले व मुंबई पद्धतीची जमाबंदी मराठवाड्यात आली.

सालारजंगाने हिशेबाचा मुद्दाही सोडला नाही. सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांच्या अबकारी उत्पन्नावर निजामाचा हक्क असूनही ते कंपनीने घेतले. ही रक्कम निजामाच्या खाती जमा केली असती, तर १८५३ चे कर्ज उरलेच नसते, अशी निजाम सरकारची भूमिका होती. हा दावा कंपनीने मान्य केला नाही. परंतु कर्जदाराने सावकाराच्या वहीतील दुसरी बाजू उघडून दाखविण्याचे धैर्य केले, हे महत्त्वाचे.

त्याच्या सुधारणांना मर्यादाही होत्या. जहागिरी व पायगा यांना त्या फारशा शिवल्या नाहीत. पायगा म्हणजे निजामाच्या खासगी फौजेच्या पोषणासाठी अमीर घराण्याला दिलेला मुलूख. आपल्या भागातील गुंजोटी व लोहारा हे तालुके पायगेत होते. फौज नावापुरती उरली तरी तिच्या नावाचा मुलूख पायगेकडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राहिला. फौजेसाठी लावलेला कर फौजेबरोबर संपत नाही, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधावे लागणार नाही.

कर्जमुक्ती : २६ डिसेंबर १८६०

१८५७ च्या उठावात निजाम अफजलुद्दौला व सालारजंग इंग्रजांच्या बाजूस राहिले. कंटिंजंटच्या पलटणी सर ह्यू रोजच्या हाताखाली मध्य हिंदुस्थानात लढल्या. त्याचे फळ म्हणून २६ डिसेंबर १८६० रोजी नवा तह झाला. सुमारे पन्नास लाखांचे कर्ज रद्द करण्यात आले. नळदुर्ग व रायचूर दुआब परत मिळाले. उठावात सहभागी झालेल्या सुरपूरच्या राजाचा मुलूखही निजामास देण्यात आला; ज्या बालराजाला टेलरने लहानाचे मोठे केले होते, तोच हा राजा. याच्या बदल्यात निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख सोडला, सुमारे बत्तीस लाख उत्पन्नाचे वऱ्हाड फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे ठेवले आणि त्याचा हिशेब मागण्याचा हक्कही सोडून दिला.

येथे या प्रकरणाचा गाभा आहे. सात वर्षे तीन मुलखांचे उत्पन्न घेऊनही मुद्दल फिटले नव्हते. उलट ते चाळिसांवरून पन्नासांकडे सरकले होते. अखेर ते फिटले नाही, माफ झाले. आणि तेही हिशेबाच्या न्यायाने नव्हे, तर राजनिष्ठेचे बक्षीस म्हणून. शिवाय माफीची किंमत हिशेब मागण्याचा हक्क सोडून चुकवावी लागली. पुढे अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, वऱ्हाडचे उत्पन्न वाढले, तेव्हा या सोडलेल्या हक्काचे मोल कळून आले. वऱ्हाड परत मिळविण्यासाठी सालारजंगाने १८७६ मध्ये विलायतवारीही केली; तिचा उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने दरसाल पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि त्यानंतर कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली. फौज नाहीशी झाली. तारण मात्र सावकाराकडेच राहिले.

निष्कर्ष

१) कंटिंजंटचे कर्ज हे निजामाच्या उधळपट्टीचेच फळ होते, हे प्रचलित मत एकांगी आहे. ज्या फौजेवर त्याची सत्ता नव्हती आणि शांततेच्या काळात जी बाळगण्यास तो तहाने बांधलेला नव्हता, तिचा खर्च हे कर्जाचे मुख्य कारण होते. दरबाराचा ढिसाळ कारभार व इजारा पद्धती यांनी ते वाढविले.

२) कर्जनिवारणासाठी तीन प्रकारची मदत मिळाली. पामरसारख्या पेढ्यांच्या मदतीने कर्ज वाढले. कंपनीच्या मदतीने, म्हणजे पेशकश बंद करून वा मुलूख ताब्यात घेऊन, कर्जाची जागा कायमच्या हानीने घेतली. केवळ सालारजंगाच्या अंतर्गत सुधारणांनी कर्ज पुन्हा होण्याचे कारण काही अंशी दूर झाले.

३) नळदुर्ग जिल्ह्यात १८५३ ते १८६० या काळात झालेली मोजणी व सारानिश्चिती रयतेस उपकारक ठरली असावी. परंतु साऱ्याचा विनियोग प्रामुख्याने लष्करासाठी झाला, हे विसरता येत नाही.

४) कर्ज किती आहे यापेक्षा हिशेब कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरला.

या विषयाचा खालचा थर अद्याप अंधारातच आहे. तहांची कलमे व रेसिडेंटांचे टपाल उपलब्ध आहे. परंतु याच काळात मुरुम, आलूर, येणेगूर, जळकोट अशा गावांतील पाटील-कुलकर्ण्यांनी लिहिलेले मोडी कागद काय सांगतात? कोणाच्या नावे किती बाकी पडली, ती कोणी भरली, कोणाची जमीन कोणाच्या नावे गेली? जुन्या वाड्यांतील दप्तरे दरवर्षी वाळवीच्या व रद्दीच्या वाटेने जात आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मोडी लिपी जाणणारे विद्यार्थी तयार करून हे कागद नोंदवून घेतले, तर टेलरच्या आत्मकथनासमोर रयतेची साक्ष ठेवता येईल. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जो हिशेब राज्याला मागता आला नाही, तो निदान अभ्यासकांना तरी मागता यावा.